पाठीला ओळंबा

आमच्या घरात एक गोष्ट सगळे हसून सांगतात, की सासऱ्यांनी सुनेच्या पाठीला ओळंबा लावला होता. चुकीची सांगतात. ओळंबा सासऱ्यांचा होता, लावला सासूने. सासरे भिंतीपलीकडे ओसरीवर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी माझी पाठ जन्मात पाहिली नाही. पण सांगणाऱ्यांना त्याचं काय! आता जे सांगतात त्यांतला एकही तेव्हा जन्मलेला नव्हता. म्हणून जे झालं ते मीच लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा शोभेचं काही यात मिळणार नाही.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. दाराची चौकट सरळ उभी आहे की कलली आहे ते बघायला सुतार तो वरून खाली सोडतात. दोरी खोटं बोलत नाही. माझ्या बाबतीत मात्र ती जे खरं बोलली ते कळायला आम्हाला दीड महिना लागला.

माझं सासर पनवेलचं. घरात बैलगाडीची चाकं करायचा धंदा. तेव्हा रेल्वे अजून पनवेलला आली नव्हती आणि चाकांना मरण नव्हतं. आमच्या गल्लीत पहाटेपासून लाकूड तासल्याचा आवाज सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. माहेर माझं जवळच्या कोन गावचं. तिथेही सुतारकीच, पण नांगराची. त्यामुळे वाकडं लाकूड कशाला म्हणतात ते मला लहानपणापासून माहीत होतं. माझीच पाठ तशी होती.

उजवा खांदा वर, डावं कंबरेचं हाड बाहेर, आणि उजव्या बाजूला पाठीवर एक फुगवटा. दहाव्या-अकराव्या वर्षी तो दिसायला लागला. आई म्हणाली, घडा एकाच कमरेवर घेतेस, म्हणून. मग मी दुसऱ्या कमरेवर घ्यायला लागले. बाक होता तिथेच राहिला, फक्त आता दोन्ही कमरा दुखायला लागल्या. शिंपी चोळीचं माप घेताना विचारायचा, "पोरी, तुझं एक माप लिवू का दोन?"

मला बघायला पनवेलची माणसं आली तेव्हा आईने माझा पाट भिंतीला चिकटून मांडला आणि उजव्या खांद्यावर पदराची जाड घडी टाकली. फसवणूक म्हणायची असेल तर म्हणा. सासू पुढे तेच म्हणायची. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आमच्या दाराच्या चौकटीकडे बघत होते. निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, "चौकट कुणी केली? सांधा चांगला हाय." तेवढ्यावर लग्न ठरलं.

तीन वर्षं पाठ दुखत होती आणि मी कोणाला सांगत नव्हते. सांगून करणार काय? पण एका दिवशी ती सगळ्या गल्लीला कळली.

चाकावर लोखंडाची धाव चढवायचा दिवस म्हणजे आमच्याकडे घाईचा दिवस. लाकडी चाक तयार झालं की त्याच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी पट्टी गोल जोडायची. ती धाव. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची म्हणजे ती पसरते. मग पुरुषांनी लांब चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि घण मारायचे. लाकूड लगेच पेट घेतं. त्याच क्षणी चारी बाजूंनी पाणी ओतायचं. धाव आवळते आणि चाक जन्मभरासाठी पक्कं होतं. पाणी बायकांचं काम. चार बायका, चार हंडे, चार बाजू. एका बाजूला पाणी उशिरा पडलं तर तिथलं लाकूड जळतं आणि धाव ढिली राहते.

दिवाळी झाली होती. चाक शिरढोणच्या एका गाडीवानाचं होतं, आणि तो स्वतः बघायला उभा होता. धाव बसली, सासरे ओरडले, "पानी!" मी हंडा घेऊन वाकले आणि पाठीत अशी चमक भरली की मी वाकलेलीच राहिले. हंडा सुटला. पाणी माझ्या पायांवर आणि गल्लीत. तीन बाजू भिजल्या, चौथी वीतभर जळली.

गाडीवान म्हणाला, "आता काय?"

सासू म्हणाली, "चाक दुसरं व्हईल. ही सरळ कधी व्हनार ते विचार." कारण मी अजून तशीच वाकून उभी होते. शेजारच्या दोघींनी मला तसंच उचलून घरात नेलं.

सासू मनाची दुष्ट नव्हती, पण तिला निकाल लवकर लावायची सवय होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या दोन साड्या, दोन चोळ्या आणि फणी एका फडक्यात बांधली आणि ते गाठोडं दाराजवळच्या खुंटीला टांगलं.

"शिमग्यापतूर बघते," ती म्हणाली. "पाठ बरी झाली तर ऱ्हा. नाय झाली तर कोनला जा. तितं बरी झालीस तर ये, नाय तर तितंच ऱ्हा. वाकडी दिली त्यांनीच, त्यांनीच ठेवावी."

परत पाठवलेली बाई माहेरी कुठे बसते ते मला चांगलं माहीत होतं. माझी आत्या तशीच आलेली होती. ती चुलीच्या मागे बसायची, जिथे धूर जातो. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायची, आणि सणाला तिला कोणी पुढे बोलवायचं नाही. माझ्या भावजया वाईट नव्हत्या, पण घरात धुराची जागा एकच होती आणि ती भरलेली होती. शिवाय नवरा बरा होता. मितभाषी, आणि मला मारत नसे. त्याच्यात एकच गंमत होती. जेवायचा उजव्या हाताने, खिळा ठोकायचा उजव्या हाताने, पण लाकूड तासायची वाकस चालवायचा डाव्या हाताने. पाहुणे हसायचे. मीही हसायचे, मनात.

पनवेलच्या डॉक्टरांनी माझी पाठ बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "कण्याला बाक आहे. बाक जाणार नाही. दुखणं मात्र जाईल, व्यायाम केलात तर. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकवतात."

"व्यायाम?" सासू म्हणाली. "पैलवान करायचा काय तिला?"

"पैलवान नको. पाणी ओतता आलं तर चालेल ना?" डॉक्टर म्हणाले. धाव चढवल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

नवरा मला एस.टी.ने ठाण्यावरून फिरून मुंबईला घेऊन गेला. आधी पाठीचा फोटो काढला. काळ्या काचेसारख्या कागदावर माझा कणा दिसत होता, ओल्या वाळूवरून साप गेल्यासारखा. मग एका मोठ्या हॉलमध्ये पाठवलं. भिंतीला लाकडी शिड्या, छताला दोर, खाली गाद्या. लुळ्या पायांची पोरं रडत होती, एक म्हातारा हात वर-खाली करत होता. तिथल्या बाई पांढऱ्या झग्यात होत्या. त्यांचं मराठी गुजराती वळणाचं होतं, पण समजत होतं.

त्यांनी मला एका गादीवर बसवलं, समोरच्या गादीवर स्वतः बसल्या आणि एकेक करून दाखवलं. गुडघ्यांवर आणि हातांवर गुरासारखं रांगायचं. मग दांडीला धरून लोंबायचं. आणि मुख्य व्यायाम, कुशीवर झोपून. घोंगडीची घट्ट गुंडाळी बरगडीखाली घ्यायची, वरचा हात डोक्यावरून लांब न्यायचा आणि श्वास घेऊन वरची बाजू फुगवायची.

"बघ, असा झोपायचा," त्या माझ्याकडे तोंड करून आडव्या झाल्या. "हात असा घ्यायचा. श्वास इकडे भरायचा, इकडे. समजला?"

"समजला."

"आता तू कर."

त्या हॉलमध्ये पुरुष होते. मी पदर ओढून घेतला. "घरी करते."

"घरी करशील? रोज?"

"रोज."

"सगळे असाच सांगते," त्या हसून म्हणाल्या. मग कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहून दिलं. वर हेही सांगितलं की ओझं उचलताना गुडघ्यात वाकायचं, पाठीत नाही.

घरी आल्यावर ती चिठ्ठी आम्ही देव्हाऱ्यात ठेवली. इंग्रजी वाचणारं घरात कोणी नव्हतं. महत्त्वाचा कागद असला की तो देवाजवळ ठेवायचा आणि परत उघडायचा नाही, अशी आमची पद्धत. बाईंनी करून दाखवलेलं माझ्या डोळ्यांपुढे पक्कं होतं. गौरीचे सगळे नाच मी समोरच्या बाईकडे बघूनच शिकले होते. ती जिकडे कलेल तिकडे आपण कलायचं, आरशासारखं. कधी पाय चुकला नव्हता.

व्यायाम सुरू झाले. पहिल्या दिवशी मी माजघरात रांगत होते तेव्हा सासू पाणी घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"अगो, गाय कुनी सोडली घरात?"

"व्यायाम हाय, आत्या." आमच्याकडे सासूला आत्या म्हणत.

"हा व्यायाम? मग माजा नातू झाल्यावर तोबी हेच करंल. त्याच्यासाटी मुंबईला जायला लागनार नाय." तिने हंडा ठेवला. "रांगतेसच हायेस तर त्या कोपऱ्यातली कोळिष्टकं काढ."

काढली. रोज काढायची. त्या दिवसांत आमच्या माजघराइतकं स्वच्छ माजघर गल्लीत नव्हतं.

लोंबायला दांडी हवी होती. मी तुळईला धरून पाहिलं, तर हात घसरत होते. तिसऱ्या दिवशी माजघरात दोन खांबांमध्ये शिसवीची गोल, गुळगुळीत दांडी बसवलेली दिसली. सासऱ्यांनी मी पाण्याला गेले असताना बसवली होती. उंची माझ्या हाताला अगदी बरोबर. मी त्यांच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते, मग माप कुठून घेतलं कोण जाणे. सासू म्हणाली, "चाकाचे आरे ऱ्हायले आनि सुनंला झोपाळा केला."

ओसरीवरून आवाज आला, "झोपाळा नाय. दांडी."

"तेच ते. वटवाघूळ टांगायला."

सासरे माझ्याशी थेट बोलत नसत आणि मी त्यांच्याशी. मला सांगायचं असेल ते ते सासूला सांगायचे, मोठ्याने. मी उत्तर सासूला द्यायचे, तेही मोठ्याने. मधे एक कुडाची भिंत होती, तिच्यातून कुजबुजसुद्धा ऐकू यायची. तरी सासू प्रत्येक वाक्य परत सांगायची. तो तिचा मान होता.

आठ-दहा दिवसांनी सासूने तक्रार केली, "अवो, हिला काय फरक पडतोय का नाय, मला तर काय दिसत नाय."

"डोळ्यानं काय दिसनार?" सासरे म्हणाले. "ओळंबा लाव."

"पाठीला?"

"मानेच्या मनक्यावर दोरी धर, खाली सोड. कुठं पडते बघ."

तसा तो ओळंबा आला. मी भिंतीकडे तोंड करून उभी, पदर पुढे घेतलेला, सासू मागे दोरी धरून. सासरे बाहेर.

"वजन हालू देऊ नको."

"हालत नाय. हीच हालते. गो, श्वास बंद कर."

"किती वेळ, आत्या?"

"दोरी थांबेपतूर."

"कुठं पडली?" बाहेरून.

"ढुंगनाच्या —"

"नीट सांग गो!" सासरे ओरडले.

"नीटच सांगते. मदल्या रेघेपास्नं उजवीकडं. दोन बोटं."

"तुझी बोटं का माजी?"

"तुमची बोटं हितं कशी येतील?"

मग त्यांनी दाराच्या फटीतून एक काडी आत सरकवली, आपल्या बोटांच्या मापाने खुणा करून. तेव्हापासून काडीने माप सुरू झालं; दोरी पडेल तिथे खूण करून सासू काडी परत बाहेर द्यायची. दर सोमवारी, कारण सोमवारी वाकस बंद असायची.

मी व्यायाम मन लावून केला. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा. घोंगडीच्या गुंडाळीवर झोपले की बरगड्या ओरडायच्या, पण मी म्हणायचे, औषध कडूच असतं. दुसऱ्या सोमवारी दोरी अडीच बोटांवर. तिसऱ्या सोमवारी तीन. रात्री कूस बदलताना कळ यायची. आता बसताना, उठताना, शिंकतानाही यायला लागली. मी आणखी जोराने व्यायाम करायला लागले. तेव्हा मी आळस केला असता तर इतकं बिघडलं नसतं. आयुष्यात मेहनतीचा तोटा मला पहिल्यांदा तेव्हा कळला.

सहाव्या सोमवारी दोरी साडेतीन बोटांवर पडली. सासूने ओळंबा गुंडाळला, खुंटीवरून गाठोडं काढलं आणि माझ्या पायाशी ठेवलं.

"उद्या कोनकडं रिकामी गाडी जायची हाय. तिच्यात बस."

"शिमग्याला अजून दोन महिने हायेत, आत्या."

"दोन महिने थांबले तर दोरी शिरढोनला पडंल."

मी रडले नाही. गाठोड्यावरची धूळ झटकली. दोन महिने टांगून त्यावर चांगली धूळ बसली होती. मला डोळ्यांपुढे चुलीमागची ती जागा दिसत होती आणि मी विचार करत होते, की माहेरची आत्या थोडी सरकली तर दोघी बसू.

बाहेर सासरे काडीवरची खूण बघत बसले असावेत. मग त्यांचा आवाज आला.

"अगो, तिला विचार, दुखनं वाढलं का तसंच हाय?"

"वाढलं," मी म्हणाले.

"वाढलं म्हनते," सासू म्हणाली.

"व्यायाम रोज केला?"

"रोज. दोन टायम."

"रोज म्हनते. दोन टायम. मी बगितलाय, खोटं नाय बोलत."

"मग चुकीच्या बाजूनं ठोकतेय," सासरे म्हणाले. "न केलं असतं तर दोरी तितंच ऱ्हायली असती. ही सारकी एकीकडं चाललीय. विचार तिला, शिकवनारी बाय समोर व्हती का बाजूला?"

सासूने माझ्याकडे बघितलं. "गो, समोर व्हती का बाजूला?"

"समोर. तोंड माझ्याकडं करून."

"समोर व्हती म्हनते."

आणि मग ओसरीवर एक विचित्र आवाज झाला. सासू घाबरून दाराकडे धावली. सासरे हसत होते. मी त्यांना हसताना तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही.

"तुज्या लेकाला बोलाव," ते म्हणाले.

नवरा अंगणातून हात पुसत आला. "काय झालं?"

"वाकस तुला कुनी शिकवली?"

"तुमीच."

"मी कुठं बसलेलो, तू कुठं बसलेलास?"

"तुमी लाकडाच्या त्या अंगाला. मी तुमच्या समोर."

"म्हनून हा डावरा झाला," सासरे सासूला म्हणाले. "मी उजव्या हातानं मारायचो, ह्याला समोरून तो डावीकडं दिसायचा, ह्यानं डाव्यात धरली. ध्यानात आलं तवर हात बसला व्हता. तेव्हापास्नं माज्याकडं शिकायला येनारा मानूस मी समोर बसवत नाय. शेजारी बसवतो." मग म्हणाले, "सुनंचंबी तेच झालंय. ती बाय ज्या कुशीवर झोपली, ही नेमकी उलट्या कुशीवर झोपते."

नवरा आपल्या डाव्या हाताकडे बघत उभा राहिला. पंचवीस वर्षांच्या माणसाला आपण डावरे नाही हे असं कळलं.

"आनि हे तुमी आज सांगताय?" सासू ओरडली. "पोरगी रोज चिरडतेय सोताला!"

"मला कुठं दिसत व्हतं ती कशी झोपते? तू बगत व्हतीस."

"मी काय मुंबईला गेले व्हते?"

मग कोणाला तरी चिठ्ठीची आठवण झाली. नवरा ती देव्हाऱ्यातून काढून डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिला हळद-कुंकू लागलं होतं, पण वाचता आली. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, फुगवटा उजवीकडे आहे, तेव्हा उजवी कूस खाली घ्यायची, गुंडाळी फुगवट्याखाली आणि डावा हात वर. मी दीड महिना डावी कूस खाली आणि उजवा हात वर करत होते. डॉक्टरांनी विचारलं, चिठ्ठी आधी का नाही दाखवली. नवऱ्याने सांगितलं, देवाजवळ होती. डॉक्टर म्हणाले, "देवाला इंग्रजी येत असतं तर त्याने सांगितलं असतं."

गाठोडं परत खुंटीवर गेलं. सोडलं नाही, टांगलं.

मी कूस बदलली. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी मी चुलीपुढून उठले आणि उठल्यावर लक्षात आलं, की हात जमिनीला न टेकता उठले. दोरी तीन बोटांवर आली, मग अडीच, मग दोन. आता सोमवारी सासू मला हाका मारून बोलवायची, भाकरी तव्यावर असली तरी. बाहेर सासरे, आणि पुढे पुढे नवराही, ऐकायला थांबायचे.

"कुठं पडली?"

"दीड!"

"खरं सांग."

"मग या नि बगा!" असं म्हणून ती स्वतःच जीभ चावायची.

दीड बोटांवर येऊन दोरी थांबली ती थांबलीच. तीन सोमवार गेले तरी हलेना. सासूला ते पटेना. चौकट केली तर ती दोरीत हवी, असं तिचं म्हणणं. तेव्हा सासऱ्यांनी भिंतीपलीकडून चाकाचं काहीतरी सांगितलं, की आरेसुद्धा चाकाच्या मधल्या तुंब्यात सरळ बसवत नाहीत, थोडे कलते बसवतात, म्हणून चाक भार घेतं. ऐकायला बरं होतं. पण मी काही चाक नव्हते, आणि माझा बाक कोणी मुद्दाम बसवला नव्हता. दुखणं कमी झालं होतं, मला तेवढं पुरे होतं.

शिमग्याच्या चार दिवस आधी धाव चढवायचा दिवस आला. दोन चाकं होती. सासूने माझ्या जागी समोरच्या घरातल्या बाईला बोलावलं होतं. ती पदर खोचून तयार उभी होती. मी आतून हंडा भरून आणला आणि तिच्या शेजारी ठेवला.

"तू सर," मी म्हणाले.

ती सासूकडे बघायला लागली. सासू माझ्याकडे.

"चाक जळलं तर?" सासू म्हणाली.

"तर गाठोडं बांधलेलंच हाय."

तिने त्या बाईला हाताने मागे व्हायला सांगितलं.

जाळ लागला, धाव लाल झाली. पुरुषांनी उचलून आणली, चाकावर टेकवली, घण सुरू झाले. लाकडातून धूर आणि मग ज्वाळा. माझे हात हंड्याच्या काठाला होते. मी गुडघ्यात बसले, पाठीत नाही, जसं त्या बाईंनी सांगितलं होतं. मला माहीत होतं, की चमक भरायची असेल तर आत्ता भरेल. शेजारची बाई कुजबुजली, "वाकते कशी बग, अंडी घालनाऱ्या कोंबडीवानी."

"पानी!"

मी उठले आणि ओतलं. वाफेने काही दिसेना. फुसफुस आवाज, लाकूड आवळल्याचा करकर आवाज. हंडा रिकामा झाला. मी सरळ उभी होते, म्हणजे माझ्या परीने सरळ. लगेच दुसरा हंडा. मग दुसरं चाक.

वाफ उडाल्यावर सासरे चाकाभोवती फिरले. प्रत्येक बाजूला वाकून बघितलं, बोटाने वाजवून बघितलं. माझ्या बाजूला आले तेव्हा मी पदर ओढून मागे सरले. त्यांनी वर बघितलं नाही. सासूला म्हणाले, "ही बाजू कुनाची?"

"तुमच्या सुनंची."

"बरी भिजलीय," ते म्हणाले आणि पुढे गेले.

सासू घरात गेली, भांडी आपटली. गाठोडं खुंटीवर तसंच होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तिनेही बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणावरून उठेना. चार हंडे तिनेही उचलले होते, आणि ती पाठीतच वाकायची. मी चहा घेऊन गेले तर कुशीवर पडून कण्हत होती.

"कंबर धरलीय," ती म्हणाली. "जरा दाब."

मी दाबली. थोड्या वेळाने ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ते तुजं रांगायचं, त्यानं कंबर सुटते काय?"

"सुटते."

"मग दाखव."

"दाखवते. आधी गाठोडं सोडा."

ओसरीवरचा रंध्याचा आवाज थांबला, म्हणजे सासरे ऐकत होते.

"मी उटू शकत नाय, कशी सोडू?" सासू म्हणाली.

मी गाठोडं काढून तिच्या हाताशी आणून ठेवलं. तिने पडल्या पडल्या गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातही लावावे लागले. साड्या बाहेर काढून झटकल्या. एकीला झुरळांनी दोन भोकं पाडली होती.

"बगितलंस?" ती म्हणाली. "टांगून ठेवलं की असं व्हतं."

"कुणी टांगलं?"

"बोलू नको जास्त. मी खाली कशी येऊ ते सांग."

मी तिला धरून जमिनीवर आणलं, हातांवर आणि गुडघ्यांवर. मग तिच्यासमोर जायला निघाले, आणि थांबले. वळून तिच्या शेजारी आले आणि तशीच गुडघ्यांवर टेकले.

"हितं का?" सासू म्हणाली. "समोर बस की, मला दिसंल."

भिंतीपलीकडून आवाज आला, "शेजारीच बस म्हनावं तिला."

"शेजारीच बस म्हनतात," सासूने मला सांगितलं.